कांट्यापासून नाळेपर्यंत

वऱ्हाडांतील काळ्या जमिनींत अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यास कांट्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाहीं. मंगरूळपीरच्या शिवारांत बाभळीचा कांटा पायांत मोडून आंतच राहिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ठणका लागतो, जागा लाल होऊन सुजते आणि पुढें पू धरतो. पू म्हणजे शरीरांतील घाण, अशी सामान्य समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नसली तरी अपुरी आहे. त्या पुवांत शरीराच्या रक्षणार्थ धांवून आलेल्या आणि तेथेंच मरून पडलेल्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात. रणांगणावर पडलेल्या शिपायांना केरकचरा म्हणणें जितकें न्याय्य, तितकेंच पुवाला नुसती घाण म्हणणें!

हें रहस्य उलगडलें तेंही एका कांट्यानेंच. १८८२ सालीं इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरील मेसिना शहरीं राहून समुद्रांतील जीवांचा अभ्यास करीत होते. तारामाशाचे डिंभ कांचेसारखे पारदर्शक असतात. मेचनिकॉफ यांनीं गुलाबाचे बारीक कांटे त्या डिंभांत टोंचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, तों भटक्या पेशींनीं कांट्यास चोहोंकडून वेढा घातलेला! जंतूंना गिळणाऱ्या अशा पेशींस पुढें भक्षक पेशी हें नांव पडलें. त्या काळच्या अनेक जर्मन पंडितांचें म्हणणें मात्र असें कीं, शरीराचें रक्षण करतात तीं रक्तांतील द्रवरूप द्रव्यें. पेशींकडे ती कामगिरी नाहीं. हा वाद वर्षानुवर्षें चालला. अखेर १९०८ सालचें नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पाउल एर्लिख या दोघांना विभागून देण्यांत आलें. दोन्ही पक्षकार एकदमच खटला जिंकल्याचीं उदाहरणें कोर्टांत विरळाच. येथें मात्र तोच निवाडा खरा ठरला आहे.

मेचनिकॉफ यांच्या ओडेसा येथील शिष्यांपैकीं एकाचें नांव मुंबईस घरोघर ठाऊक आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां डॉ. वाल्देमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासांत पुढें नेलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. लसीचा गुण दिसत होता. परंतु ती आंत कोणत्या पेशीस काय शिकविते, हें पाहण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. पेशी शरीराबाहेर जगवितां आल्याखेरीज तें दिसावें कसें?

ती विद्या आपल्या देशांत रुजविणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे यांचें नांव अग्रभागीं आहे. १९१७ सालीं पुण्याच्या समर्थ घराण्यांत जन्मलेल्या या विदुषीनें डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेंत बाल्टिमोर येथें पेशी-संवर्धनाची कला आत्मसात् केली, आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्या कलेची प्रयोगशाळा उभारली. हें काम म्हणजे दह्याचें विरजण रोज नव्या भांड्यांत लावण्यासारखें आहे. फरक इतकाच कीं, येथें ऊब चुकली, किंवा एखादा परका जंतु शिरला, तर महिन्यांची मेहनत एका रात्रींत नासते.

रक्तांतून काढलेल्या पांढऱ्या पेशींची आणखी एक अडचण आहे. त्यांतील पुष्कळ अल्पायुषी असतात, आणि कुपींत त्यांची संतति वाढत नाहीं. तेव्हां फांदी सोडून मुळाकडे जाणें भाग पडलें. १९६१ सालीं टोरोंटो येथें टिल व मॅकलॉक यांनीं उंदरांवर प्रयोग करून अस्थिमज्जेंतील मूलपेशींचा माग काढला; रक्तांतील निरनिराळ्या पेशी जन्मास घालणारी ती हीच.

अशा मूलपेशी बाळाच्या नाळेंतील रक्तांतही असतात. जी नाळ आपल्याकडे सुईण निमूटपणें मातींत पुरून टाकी, तिच्यांतील रक्त पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रानें मोलाचें मानलें. तेथें डॉ. ललिता लिमये, डॉ. वैजयंती काळे व त्यांचे सहकारी यांनीं त्या मूलपेशींपासून डेन्ड्रिटिक पेशी मोठ्या संख्येनें वाढविण्याची रीत बसविली. शत्रूचे तुकडे गोळा करून ते इतर रक्षक पेशींना दाखविणें, हें या पेशींचें काम. त्यांचे शोधक राल्फ स्टाइनमन यांची हकीकत चटका लावणारी आहे. स्वतःच्या कर्करोगावर त्यांनीं याच पेशींचा उपचार करून पाहिला; ३० सप्टेंबर २०११ रोजीं ते वारले, आणि तीनच दिवसांनीं त्यांचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. एका रोग्यावरून उपचाराचा गुण ठरवितां येत नाहीं, हें तेही जाणत असतील.

परंतु कुपींत वाढलेली पेशी खरोखर हवी तीच आहे, हें ओळखावें कशावरून? येथें प्रथिनें साक्ष देतात. शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत आनुवंशिक द्रव्य एकच. कोणती पेशी कोणतीं प्रथिनें घडविते, यावर तिचा धंदा ठरतो. नाळेच्या रक्तांतून मूलपेशी वेंचतांना त्यांच्या अंगावरील सीडी ३४ या प्रथिनाची खूण पाहतात. वाढ पुरी झाल्यावर ती खूण लोपून नव्या धंद्याच्या खुणा उमटल्या कीं नाहींत, हेंही तपासतात. चपराशाच्या छातीवरील बिल्ल्यावरून त्याचें खातें ओळखावें, तसेंच हें. आंतील हजारों प्रथिनें मोजण्यासाठीं त्यांचे तुकडे करून वस्तुमानमापक यंत्रांत तोलतात. प्रथिनांसारखे मोठे रेणू तोलण्याची युक्ति काढणाऱ्यांपैकीं कोइची तानाका हे जपानी गृहस्थ डॉक्टरेट नसलेले कारखान्यांतील इंजिनियर होते, आणि २००२ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचाही वाटा होता!

२००६ सालीं शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या साध्या पेशी पुन्हां मूलावस्थेस नेऊन दाखविल्या, आणि पुढच्याच वर्षीं मानवी त्वचेच्या पेशींनाही ती किमया लागू पडली. मात्र अशा पेशींपासून वाढविलेल्या भक्षक पेशी प्रौढ माणसाच्या रक्तांतून निपजणाऱ्या पेशींपेक्षां गर्भावस्थेंत तयार होणाऱ्या पेशींशीं अधिक जुळतात, असें आढळलें आहे. म्हणून औषधाची परीक्षा त्यांच्यावर घेतांना दोहोंचीं प्रथिनें शेजारीं शेजारीं मांडून ताडून पाहण्याचा परिपाठ पडला आहे.