रात्रीची वीज आणि निवडीचं स्वातंत्र्य

निवडीचं स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय, हे आज आपण ब्रिटनमधल्या घरगुती वीजदरांच्या इतिहासातून तपासू या.

कोळशाची किंवा अणुऊर्जेची मोठी केंद्रं रोज रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नाही. माणसं झोपतात, मागणी उतरते. जनित्रं मात्र फिरतच राहतात. यावर तिथल्या सरकारी वीजमंडळांनी १९६०च्या दशकात एक तोड पुढे आणली: उष्णता साठवणारे हीटर. आत जड विटा असतात. रात्रीच्या विजेवर त्या तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर आला. रात्रीचे ७ तास वीज स्वस्त. उरलेले १७ तास मात्र साध्या दरापेक्षा महाग. पुढे अनेक घरांत दर बदलण्याचा इशारा बीबीसीच्या रेडिओ फोरच्या लाँग वेव्हवरून, ऐकू न येणाऱ्या संकेताने मिळू लागला!

१९९० मध्ये खासगीकरण झालं आणि १९९९ पर्यंत प्रत्येक घराला वीज कंपनी निवडण्याची मुभा मिळाली. पण दर बदलावा की नाही, हे ठरवायचं कसं? समजा, साधा दर २५ पेन्स, दिवसाचा ३० आणि रात्रीचा १५ आहे. मग एकूण वापराचा एक तृतीयांशाहून अधिक भाग रात्री झाला, तरच दुहेरी दर फायद्याचा. म्हणजे विटांचे हीटर काढून टाकले आणि दर तोच ठेवला, तर नुकसान. हीटर ठेवले आणि साधा दर घेतला, तरी बहुधा नुकसानच.

शिवाय जुन्या, खास मीटरवाल्यांना पर्यायच थोडे होते. २०१६ मध्ये स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने हा अडसर ओळखला. मीटर न बदलताही अशा ग्राहकांना साधा दर उपलब्ध करून द्यावा, असा आदेश मोठ्या कंपन्यांना दिला.

आता भाडेकरूचा विचार करा. कंपनी तो निवडू शकतो, दरही निवडू शकतो. पण भिंतीवरचा हीटर घरमालकाचा. कोणता दर परवडणार, हे त्या हीटरने आधीच ठरवून टाकलेलं असतं. कायद्याने दिलेली मुभा आणि ती वापरण्याचं सामर्थ्य, या दोन गोष्टी आपण वेगळ्या मोजायला हव्यात, त्या याचसाठी.