दगड फोडणारी मेरी



देवघरातला शाळिग्राम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो नेपाळातल्या काळी गंडकी नदीत सापडतो. त्यावर दिसणारं चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या शंखाची खूण. हा जीव कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला. श्रद्धा आपल्या जागी असू दे. आज आम्ही सांगणार आहोत ती असे दगड विकून घर चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. तिथे १७९९ साली मेरी ॲनिंग जन्मली. वडील सुतार होते. कड्यातून निघालेले ॲमोनाइट ते प्रवाशांना विकत. १८१० साली ते वारले, मागे कर्ज राहिलं. मेरी तेव्हा अकरा वर्षांची. मायलेकरांनी तोच धंदा पुढे चालवला.

काम हिवाळ्यात. वादळात दरड कोसळली की दगड उघडे पडत, आणि भरतीने ओढून नेण्याआधी ते उचलावे लागत. १८३३ साली अशाच दरडीखाली तिचा कुत्रा गेला, ती थोडक्यात वाचली.

दगड सापडला म्हणजे काम झालं असं नाही. ॲमोनाइट कठीण चुनखडीत रुतलेला असतो. हातोडी-छिन्नीने वरचा दगड थोडा थोडा उडवायचा, छिन्नीचा रोख शंखाकडे धरायचा नाही. शंख जवळ आला की सुईसारखं बारीक टोक, मग ब्रश. मोठ्या दगडाला कित्येक दिवस लागतात. घाई केली की वेढा तुटतो आणि मोल जातं. आजचे हौशी संग्राहकही याच रीतीने जातात. फक्त हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आता हाती आली आहे.

पुढे मेरीला त्याहून मोठं घबाड मिळालं. भावाला एका प्राचीन जलचराची कवटी सापडली होती. त्याचा उरलेला सांगाडा १८१२ साली तिने शोधला. १८२३ साली प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा काढला. विद्वानांनी तिच्याकडून दगड विकत घेतले, लेख लिहिले, पण बऱ्याचदा तिचं नाव त्यात नव्हतं. लंडनच्या भूविज्ञान संस्थेने बायकांना सभासद केलं ते १९१९ साली. मेरी १८४७ सालीच गेली होती.

सख्यांनो, आपला मसाला, आपली गोधडी कुणाच्या नावाने विकली जाते? पुढच्या बैठकीत विक्रीवही उघडा. प्रत्येक वस्तूपुढे ती करणारीचं नाव लिहा, पिशवीवरही छापा. कष्ट आपले, तर नावही आपलंच हवं.