लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्याच्या घरातून देवाच्या दरबारात

१० फेब्रुवारी १८९५. कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. इतिहासाची पुस्तके बहुधा इथपर्यंत सांगतात. त्या वेळी लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांकडे असलेल्या त्यांच्या पत्नीचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे! (मीठ धुतल्यावर किती उरत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.) अशा घरात वाढलेल्या स्त्रीला नवऱ्याचे धर्मांतर म्हणजे काय वाटले असेल? नवरा जिवंत, आणि तरीही संसार मोडलेला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या विरहात लक्ष्मीबाईंनी कविता केल्या. जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईंच्या कविता.

पुढे त्या पतीकडे अहमदनगरला आल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. एकाच संसारात टिळकांचा धर्म निराळा आणि लक्ष्मीबाईंचे सोवळे निराळे. हा काळ समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. त्यांचा झगडा धर्मग्रंथातील सिद्धान्तांशी नव्हता; कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या हातचे जेवावे, हा होता. राहुरीस असताना त्या याच विचारात गढून गेल्या. पशुपक्ष्यांत जाती देवाने केल्या. माणसांत त्याने स्त्री आणि पुरुष एवढेच केले. मग बाकीचे भेद कोणाचे? उत्तर मिळाले आणि त्यांनी ठरवले : यापुढे कोणाच्याही हातचे चालेल. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. श्रद्धा आधी ताटात उतरली, मग मंदिरात गेली.

बाप्तिस्म्याने संसार सुखाचा झाला, असे मात्र कोणी समजू नये. टिळक मनाने संत आणि हिशेबाने शून्य. मिशनचा पगार तुटपुंजा, त्यातही समोर गरजू दिसला की पैसे त्याचे. दुष्काळात पोरकी झालेली मुले घरात येत, त्यांना जेवू घालण्याची चिंता लक्ष्मीबाईंची. प्लेगच्या साथी आल्या. लक्ष्मीबाई रागावत, भांडत, टिळकांना खडे बोल सुनावत. आणि दुसऱ्या दिवशी चूल पुन्हा पेटवत. ‘देवावर भार टाकावा’ हे टिळकांना सहज जमे. तो भार प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडतो, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही कल्पना. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या माणसाला ती शोभणारीच होती. पण महिन्याचा निश्चित पैसा गेला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

पन्नाशीच्या विधवेने मग काय केले? मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला गेल्या. आणि मुलाच्या आग्रहाने आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली.

या ग्रंथात उपदेश जवळजवळ नाही. उपासमार, विरह, अपमान सारे आहे, आणि त्यातील बरेचसे हसत सांगितलेले आहे. हे लेखन साठी ओलांडल्यावरचे आहे, तेव्हा त्या-त्या क्षणी त्या इतक्याच शांत होत्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हे समाधान मागे वळून पाहताना सापडलेले आहे. ज्या नवऱ्याने इतके हाल केले त्याच्याविषयी त्यात कडवटपणा नाही, आणि स्वतःच्या फजितीवर त्या सर्वांत मोठ्याने हसतात.

आणखी एक काम त्यांनी अंगावर घेतले. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य टिळक अपुरे टाकून गेले होते. सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र तेव्हा अपुरे होते. त्याचा शेवटचा भाग दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुरा केला.