बापाचा शब्द, लेकीचा होकार

आपण बोलताना सहज म्हणतो, अमक्यानं आपली पोरगी मेहकरला दिली, तमक्यानं चिखलीला दिली. दान देतात, शब्द देतात, तशी मुलगीही देतात. देणारा बाप, घेणारा सासरा. जिचं सारं आयुष्य बदलणार असतं, ती या वाक्यात कर्ता म्हणून कुठंच नसते. हे केवळ मराठीतच आहे असं नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका पत्रात हेच क्रियापद आलं आहे आणि त्याचा वाद विद्वानांत अजून मिटलेला नाही. ते पत्र ख्रिस्ती धर्मग्रंथातलं आहे.

त्याकडे जाण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातली, सिंदखेड राजाची गोष्ट आठवू. रंगपंचमीला लखुजी जाधवरावांच्या वाड्यात छोटी जिजाऊ आणि छोटा शहाजी एकमेकांवर रंग उधळत होते. लखुजी कौतुकानं म्हणाले, जोडा शोभतो. मालोजी भोसल्यांनी तोच शब्द धरला आणि भर सभेत सोयरीक झाल्याचं जाहीर केलं. पुढं रुसवेफुगवे झाले, निजामशाहापर्यंत गोष्ट गेली आणि मग लग्न झालं. ही बखरीतली कथा. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत. पण कथा सांगणाऱ्यांना काय स्वाभाविक वाटत होतं, ते तीतून कळतं. दोन बाप बोलतात, एक बादशहा बोलतो. मुलीला कोणी विचारल्याचं त्यात येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते खटकत नाही.

बायबलच्या जुन्या करारातही असे बाप आहेत. याकोबानं राहेलसाठी सात वर्षं चाकरी केली आणि तिच्या बापानं, लाबानानं, लग्नाच्या रात्री थोरली लेआ पाठवून दिली. दोघी बहिणींना काय वाटलं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. पण त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात रिबकेची गोष्ट आहे. अब्राहामाचा चाकर इसहाकासाठी मागणी घालायला येतो. बाप आणि भाऊ आदल्या दिवशीच होकार देऊन मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ येते तेव्हा मात्र आई आणि भाऊ मुलीला बोलावून विचारतात, जातेस का? ती म्हणते, जाते. एवढ्याशा प्रसंगावरून यहुदी भाष्यकारांनी पुढं नियम काढला, की मुलीच्या संमतीवाचून तिचं लग्न लावू नये.

आता ते ग्रीक पत्र. इसवी सन ५४ च्या सुमारास संत पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला ते लिहिलं. त्याच्या सातव्या अध्यायात लग्नाचा विचार आहे. तिथं पौल म्हणतो, की एखाद्यानं ‘आपल्या कुमारिकेचं’ लग्न केलं तरी चांगलं, न केलं तर अधिक चांगलं. ही ‘आपली कुमारिका’ कोण? जुन्या परंपरेनं मानलं, की हा माणूस बाप आहे आणि कुमारिका त्याची मुलगी. इंग्रजी बायबलच्या १८८१ च्या सुधारित भाषांतरात तर ‘कन्या’ हा शब्द वरून जोडला गेला. पुढं १९४६ च्या दुसऱ्या इंग्रजी भाषांतरात तिथं ‘वाग्दत्त वधू’ आली. म्हणजे बाप गेला आणि नियोजित वर आला. अर्थ कोणताही घ्या, निर्णय पुरुषाचाच राहतो.

पण त्याच अध्यायात दोन गोष्टी अशा आहेत, की वाचणारा थबकतो. एक, नवऱ्याचा जसा बायकोच्या देहावर अधिकार, तसाच बायकोचा नवऱ्याच्या देहावर. रोमन कायदा कुटुंबप्रमुखाच्या हाती घरातल्यांवर अमाप सत्ता देत होता, त्या काळातलं हे वाक्य आहे. दुसरी, नवरा वारल्यावर विधवेनं मनाला येईल त्याच्याशी लग्न करावं; अट एकच, तो ख्रिस्ती असावा. कुमारिकेला नाही, पण विधवेला निवड आहे.

हा फरक माझ्यासारख्याला ओळखीचा वाटतो. आमच्याकडे निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह मुलीकडे जाऊन विचारतात. हदीस सांगते, की आधी लग्न झालेल्या स्त्रीचा स्वतःवर वलीपेक्षा अधिक हक्क. कुमारिकेलाही विचारावंच, पण तिचं मौन हाच तिचा होकार. लाजाळू मुलीची सोय म्हणून आलेला हा नियम. मात्र मौन लाजेचं आहे की भीतीचं, हे विचारणाऱ्याला कसं कळावं? धर्म कोणताही असो, प्रश्न इथंच अडतो.

आपल्या बुलढाण्यात हा प्रश्न एका बाईनं फार मोठ्यानं विचारला. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी लेकीला शिकवलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला नावं ठेवली, तेव्हा संतापून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बायको मेली की पुरुष लगेच बोहल्यावर चढतो, मग विधवेनंच काय पाप केलं, असा त्यांचा सवाल होता. पौलानं करिंथच्या विधवेला जे दिलं, ते ताराबाई अठराशे वर्षांनंतर वऱ्हाडात मागत होत्या.

पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये आपला जोडीदार जातीबाहेरून, स्वतः निवडला. तेव्हा त्यांचे आईवडील हयात नव्हते. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. करिंथच्या ‘कुमारिके’ला मराठीत आणणारी ही बाई स्वतःच्या लग्नात कोणी ‘दिलेली’ नव्हती.

इंग्रजांचा कायदा मात्र बापाच्याच बाजूचा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात अल्पवयीनांच्या लग्नाला संमती द्यायचा मान आधी बापाला. तो नसेल तर पालकाला. आणि पालकही नसेल तर आईला. रखमाबाईंच्या खटल्यात तर अजब घडलं. अकराव्या वर्षी झालेलं लग्न त्यांनी मानलं नाही, म्हणून नवऱ्यानं १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. पत्नीला नांदायला पाठवण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयातून आलेला. ज्या चर्चच्या कायद्यानं मध्ययुगापासून वधूवरांच्या संमतीला विवाहाचा पाया मानलं, त्याच कायद्याचं एक टोक धरून संमती न दिलेल्या बाईला १८८७ मध्ये सांगण्यात आलं, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. खुद्द इंग्लंडमध्ये अशी कैद १८८४ मध्येच बंद झाली होती. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढं डॉक्टर झाल्या.

धर्मग्रंथात दोन्ही असतं, बापाचा शब्दही आणि लेकीचा होकारही. कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं, हे वाचणारा ठरवतो, आणि शेकडो वर्षं वाचणारे बहुधा बापच होते. आजही आपल्याकडं बघण्याचा कार्यक्रम होतो, पाहुणे चहापोहे घेऊन जातात आणि ‘मुलगी पसंत आहे’ असा निरोप येतो. मुलीलाही विचारतात, नाही असं नाही. पण बरेचदा सुपारी फुटल्यावर विचारतात. रिबकेच्या घरीही तसंच झालं होतं. तो प्रश्न एक दिवस आधी विचारायला हवा.