खडसाची बखर

आमच्या भाईंदराकडे मासळी हा पानातला विषय आहे, करमणुकीतला नव्हे. उत्तन, पाली, चौक या किनारगावांत डोलीची जाळी भरतीओहोटीच्या ओढीला तोंड करून बसवायची, त्यांत बोंबील यायचा, बांबूंवर वाळायचा आणि पावसाळ्यात घरोघरच्या कालवणात उतरायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. अशा गावात राहून मी गोड्या पाण्यातल्या गळाच्या छंदाविषयी जुनी पुस्तके धुंडाळतो, याचे आमच्या एका उत्तनकर कोळी स्नेह्यांना मोठे नवल वाटते. ते एकदा म्हणाले, "धरलेला मासा हे लोक परत पाण्यात सोडतात म्हणे. मग धरतात तरी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आजही थोड्या शब्दांत देता येणार नाही. पण त्या निमित्ताने आपल्याच मुलखातल्या एका माशाची हकीकत हाती लागली, ती वाचकांना सांगावीशी वाटते.

हा छंद ऐन भरात पाहायचा तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या थंड सरोवरांवर जावे लागेल. तिथे 'कोकनी' नावाचा मासा असतो. (नावावरून कोणी फसू नये. आपल्या कोकणाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. तिथल्या आदिवासींच्या भाषेतला तो शब्द आहे.) समुद्रात जाणाऱ्या सामन माशाचीच ही एक शाखा, सरोवरात कायमची राहिलेली. होडी अगदी सावकाश चालवायची, मागे लांब दोरी सोडायची, तिच्या टोकाला चकाकणारा पत्रा आणि गळ. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की मासा खाली गारव्याला जातो, म्हणून दोरी नेमकी त्या खोलीवर ठेवायची. या प्रकाराला 'ट्रोलिंग' म्हणतात. आमच्या उत्तनच्या लोकांना ज्याचा राग आहे तो 'ट्रॉलर' निराळा. तो समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढतो. एका मात्रेच्या फरकाने एकीकडे एक मासा आणि दुसरीकडे सगळा तळच उचलला जातो!

ट्राउट मासाही याच थंड पाण्याचा. साहेबांना हिंदुस्थानात त्याची फार आठवण येई. फ्रान्सिस डे याने १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मिरात १८९९ साली विलायतेहून आलेली अंडी वाटेतच मेली. दुसऱ्या वर्षीची जगली आणि तिथे ट्राउट रुजला. सह्याद्रीच्या पाण्यात मात्र त्याची डाळ शिजणे शक्य नव्हते. आमची तळी उन्हाळ्यात तापतात आणि ट्राउटला ते सोसत नाही. तेव्हा इकडच्या गळवाल्यांनी आमच्या नद्यांतल्या देशी माशाकडेच मोर्चा वळवला. तो खडस; इंग्रजीत महसीर. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, खळाळत्या पाण्यात उलटा चढणारा.

पण गळाचा शोक साहेबाने आणला, असे कोणी समजू नये. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर ११२७ मध्ये गादीवर आला. (ते कल्याण आपले ठाण्याचे नव्हे, बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण.) त्याने 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राज्य कसे मिळवावे, टिकवावे आणि मग भोगावे कसे, हे सगळे आहे. स्वयंपाक आहे, हत्ती आहेत, संगीत आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात याचीही नोंद आहे. आणि राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' आहे! समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले आमिष लागते, दोरी कशी वळावी, काठी कशी असावी, हे सारे राजेसाहेब बारकाईने सांगतात. आधी काही दिवस माशांना खाऊ घालून त्या जागेची सवय लावावी आणि मग गळ टाकावा, हा त्यांचा सल्ला तर आजचा गळवालाही मानतो. इंग्रजीतला गळावरचा पहिला छापील प्रबंध १४९६ चा. म्हणजे सोमेश्वर त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला आणि डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडे मात्र तो संस्कृतज्ञांच्या कपाटातच राहिला.

सोमेश्वरानंतर सातशे वर्षांनी कर्नल साइक्स दख्खनमध्ये आला. सरकारसाठी आकडेवारी गोळा करण्याचे त्याचे काम. पण माणूस चौकस. त्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन छापले, आणि नावे देताना लॅटिनच्या जोडीला पुण्याकडच्या भोयाकोळ्यांच्या तोंडचे शब्द उचलले. मुळामुठेच्या पाण्यातल्या खडसाला त्याने 'खुद्री' म्हटले. आजही शास्त्रात तो 'टॉर खुद्री' आहे. 'बग्गट', 'मुल्या', 'फुलंगी', 'कोळुस', 'मुसळा' ही नावेही अशीच जगभरच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसली. नदीकाठी डोक्याला फडके गुंडाळून उभ्या असलेल्या ज्या माणसांनी साहेबाला ही नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे कोठेच नाहीत. मला या गोष्टीची चुटपूट लागते.

पुढे १८७३ मध्ये टॉमस नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळावर जाडजूड पुस्तक लिहून, जोराच्या बाबतीत महसीर सामनाला हार जात नाही, असे ठासून सांगितले. आमच्याच साष्टी बेटावर १८९०-९१ च्या सुमारास पवईचा तलाव झाला. पाणी पिण्याजोगे निघाले नाही, म्हणून तो शहराच्या कामातून सुटला आणि गळवाल्यांच्या हाती आला. १९३६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या गळवाल्यांची संस्था तिथे उभी राहिली.

खडसाचे खरे दैव मात्र लोणावळ्याला ठरले. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी वळवण, शिरवटे ही धरणे बांधली; १९१५ मध्ये वीज सुरू झाली. धरण म्हणजे वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत. देशभर अशा भिंती उठल्या, त्यात सुरुंगाने मासे मारण्याची भर पडली आणि खडस दिसेनासा होऊ लागला. तेव्हा १९७० च्या दशकापासून त्याच टाटांच्या कंपनीने वळवणला खडसाची अंडी हाताने उबवून पिले वाढवली आणि ठिकठिकाणच्या नद्यांत सोडायला दिली. असे काम या देशात विरळाच.

आणि इथेच कथेला गाठ बसते. ही पिले कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मूळचा एक वेगळाच महसीर होता, पाठीला कुबड असलेला, अंगाने राक्षसी. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांनी १९४६ मध्ये १२० पौंडांचा महसीर धरला तो याच खोऱ्यात, कबिनीच्या पाण्यात. आमचा दख्खनचा निळ्या परांचा खडस तिथे इतका माजला की कुबडा जवळजवळ नाहीसा झाला. कुबड्याला कित्येक वर्षे धड शास्त्रीय नावही नव्हते. साइक्सचा 'मुसळा' त्याला चुकून चिकटवला होता. २०१८ मध्ये त्याची 'टॉर रेमादेवी' म्हणून ओळख पटली, आणि त्याच वर्षी जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. तर आमचा खुद्री त्याच साली धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. एकाला वाचवताना दुसरा बुडाला. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणून तर ही हकीकत मनाला अधिक लागते.

कोकनीच्या मुलखातही असेच घडले. माँटाना प्रांतातल्या फ्लॅटहेड सरोवरात १९१६ मध्ये कोकनी बाहेरून आणून सोडला होता. पुढे त्याला खाद्य मिळावे म्हणून वरच्या तळ्यांत एक इवलीशी कोळंबी सोडली. ती वाहत खाली आली आणि कोकनीला खाद्य होण्याऐवजी कोकनीचेच खाद्य खाऊन बसली! दिवसा ती तळाशी दडे, मासा वर भुका फिरे. १९८० च्या दशकात कोकनी संपला आणि त्याच्यावर जगणारे गरुड शेकड्यांनी येत, तेही यायचे थांबले.

आपल्याकडे यापेक्षा जुनी एक रीत आहे. महाडजवळ काळ नदीत वाळणकोंड आहे. तिथले खडस वरदायिनी देवीचे, त्यांना कोणी हात लावत नाही. आणखी जवळ, वाड्यापासून थोड्या अंतरावर वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाचे देऊळ आहे. त्याच्यापुढच्या डोहातही असेच राखलेले मासे आहेत. मी पाहिले तेव्हा पायरीवर बसलेली एक म्हातारी मूठमूठ खाऊ पाण्यात टाकत होती आणि काळसर पाठी एकमेकींवर घासत वर येत होत्या. सोमेश्वराने सांगितले होते तसेच. फक्त गळ नव्हता.