पत्त्याची बाजू

आपल्या बहुतेक घरांत जुन्या सणाच्या कार्डांचा एखादा पत्र्याचा डबा असतो. मुले त्यांतील चित्रे पाहतात आणि डबा मिटतात. वाचकहो, माझे सांगणे इतकेच की कार्ड उलटून पाहा. घराण्याचा इतिहास चित्रामागे, पत्त्याच्या बाजूला असतो.

आमच्या डब्यात सौदी अरेबियातील खमीस मुशैत येथून 1985 साली टाकलेले एक कार्ड आहे. मुंबईत माझ्याबरोबर परिचारिकेचे शिक्षण घेतलेली कोकणातील एक मुसलमान मैत्रीण तिथल्या इस्पितळात नोकरीला होती. शेजाराने तिला आपले सण ठाऊक. ‘नव्याच्या सणाच्या शुभेच्छा’ असे तिने मराठीत लिहिले. त्या देशातून इस्रायलला टपाल येत नसे, म्हणून कार्ड आमच्या मुंबईच्या जुन्या पत्त्यावर गेले आणि आत्याने ते इकडे येणाऱ्या पाहुण्याबरोबर पाठवले.

खमीस म्हणजे गुरुवार. आपण इथे ज्याला ‘योम हमिशी’ म्हणतो त्याचाच भाऊ. गुरुवारच्या बाजारावरून गावाला हे नाव पडले आणि मुशैत हे तिथल्या शेख घराण्याचे नाव. गावाच्या नावात असा इतिहास असतो, तसाच तो आपल्या आडनावांत आहे. पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर, रोह्याचे रोहेकर, दिवे आगरचे दिवेकर.

पण त्या कार्डावरचा खरा ठेवा म्हणजे तिने लिहिलेला पत्ता. चाळीचे नाव, खोलीचा नंबर, मांडवीचा इस्रायल मोहल्ला. मोहल्ला कळला की सिनेगॉग कळते. मांडवीचे शाआर हारहमीम 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधले. सिनेगॉग कळले की लग्नाच्या नोंदी आणि कतुबा शोधता येतात आणि त्यांत वधूवरांच्या वडिलांची नावे सापडतात. एका पत्त्यावरून आपण एक पिढी मागे जातो.

तिकीट आणि शिक्का वेगवेगळे वाचावेत. एडन 1839 साली इंग्रजांनी घेतले आणि पुढे कित्येक वर्षे तेथील कारभार मुंबई सरकारकडे होता. आपल्यातील अनेकजण पलटणीत आणि कचेऱ्यांत नोकरीसाठी तिकडे गेले. 1 एप्रिल 1937 रोजी एडन वेगळी वसाहत झाली. तोपर्यंत तिथे हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. तेव्हा आजोबांच्या कार्डावर हिंदी तिकीट आहे म्हणून ते हिंदुस्थानातूनच आले असे धरू नये. शिक्क्यावरचे गाव पाहावे.

तारीख पुसली असेल तर मजकूर पाहावा. सणाच्या कार्डावर पुष्कळदा हिब्रू वर्ष असते. नव्या वर्षाच्या शुभेच्छा असतील तर त्यातून 3761 वजा करा: 5675 म्हणजे 1914 सालचा सण. सणाचे नावही बोलते. ‘नव्याचा सण’ लिहिणारे हात बहुधा कोकणातले किंवा मुंबईतले. ‘रोश हशाना’, ‘शाना तोवा’ हे शब्द आपल्या लोकांत पुढे रुळत गेले.

हाईम शमुएल केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला. तो पुस्तकरूपाने निघाला 1937 साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित जपले गेले म्हणून तो आपल्याला मिळाला. डब्यातल्या कार्डांना तेवढा अवधी नाही. कागद टिकेलही, पण नातवंडांना मराठी वाचता येत नाही. वाचू शकणारे आपण साठी-सत्तरीचे आहोत.

म्हणून कार्डे अल्बममध्ये डिंकाने चिकटवू नका. मागची बाजू कायमची झाकली जाते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि नातवंडांकडून हिब्रूत उतरवून घ्या. कोणी कोणाला पाठवले, नाते काय, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून कार्डासोबत ठेवा. येत्या सणाला घरची माणसे जमतील, तेव्हा डबा जेवणाच्या टेबलावर आणा. प्रत्येकाने एक कार्ड उचलले तरी एका संध्याकाळी पुष्कळ काम होईल.