४५ टक्के मते आणि ६७ जागा

निवडणूक झाली म्हणजे लोकशाही आली, असे सांगणाऱ्यांनी युगोस्लाव्हियाची ११ डिसेंबर १९३८ ची निवडणूक पाहावी. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, बोस्नियाचे मुस्लिम अशा अनेक समाजांचे हे राज्य, डोक्यावर राजा. मताचा हक्क फक्त पुरुषांना. आणि मतदान गुप्त नव्हते! मतदाराने निवडणूक अधिकाऱ्यांसमोर उभे राहून आपले मत तोंडाने सांगायचे. ज्याची नोकरी सरकारच्या हातात, ज्याचे शेत गहाण, त्याने तिथे काय बोलावे? आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही लोक बोलले. पंतप्रधान स्तोयादिनोविच यांच्या यादीला सुमारे १६ लाख ४४ हजार मते, म्हणजे ५४ टक्के. क्रोएट शेतकरी पक्षाचे नेते माचेक यांच्या संयुक्त विरोधी यादीला १३ लाख ६५ हजार, म्हणजे ४५ टक्के. जागा मात्र ३०६ आणि ६७! यात मोजणीची चूक नाही, कायदाच तसा होता. पहिल्या आलेल्या यादीला ३७३ पैकी तीन पंचमांश जागा आधीच बहाल. उरलेल्या जागांतही तिला पुन्हा वाटा.

(विरोधी यादीत सर्ब पक्षही होते. म्हणून हे निव्वळ सर्ब-क्रोएट भांडण नव्हते.)

हाती ३०६ जागा असूनही स्तोयादिनोविच दोन महिन्यांत पायउतार झाले. नवे पंतप्रधान स्वेतकोविच यांना २६ ऑगस्ट १९३९ रोजी त्याच माचेक यांच्याशी करार करून क्रोएशियाला स्वायत्तता द्यावी लागली. त्या करारासोबतच हे सभागृह बरखास्त झाले. त्या राज्यात पुढची निवडणूक झालीच नाही.